डाव्या कानाची खूण

गारखेडा, ९ मार्च २०२५

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. होळीच्या आसपास आपल्या मेंढरांचा तळ फाट्याजवळ असतो, म्हणून पत्र गोकुळच्या हॉटेलवर पाठवते. अक्षर मोठं काढलं आहे. सावकाश वाच. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. आबा विचारतील काय लिहिलंय म्हणून. त्यांना सांग, अभ्यासाचं आहे.

गुरुवारी तू आला नाहीस. मी घाटी दवाखान्यात ओपीडीबाहेरच्या बाकावर दोन वाजेपर्यंत बसले. डॉक्टरबाईंनी तुझं नाव दोनदा पुकारलं. त्या म्हणाल्या, गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. चार महिन्यांत तुला फरक पडला होता, हे त्यांनी कागदावर लिहून ठेवलं आहे. या महिन्याच्या गोळ्या मी घेऊन ठेवल्या आहेत.

आईशी बोलणं झालं. पोरं मोटारसायकल तुझ्या मागं आणून हॉर्न वाजवतात, असं ती म्हणाली. दोन गावांत झालं. तिसऱ्या गावात तू मेंढरं सोडून नदीच्या अंगाला निघून गेलास आणि आबांना एकट्यानं कळप आवरावा लागला.

तुझ्या हॉर्नच्या भीतीचं त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. दवाखान्यात कुणी पाहिलं असेल. गावात काही लपून राहत नाही.

माझं ठीक चाललं आहे. पुढच्या वर्षी मानसशास्त्रात आम्हाला तीन वाटा आहेत. एक आजारी माणसांची, तिला चिकित्सा म्हणतात. दुसरी समुपदेशनाची, म्हणजे माणसांचं ऐकून घ्यायची. तिसरी कारखान्यांतल्या माणसांची. पहिलीला वीसच जागा आहेत. गुणांवर यादी लागते. मी तुला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू म्हणाला होतास, "म्हंजी येड्यांची डाक्टर?" मी म्हटलं, डॉक्टर नाही. तू म्हणालास, "मंग नुसती येडी." आणि आबासुद्धा हसले होते.

फोन उचल.

योगिनी


गारखेडा, १६ मार्च २०२५

दादा,

काल आईचा फोन आला. म्हणाली, "सांडू पाटलाच्या पोरीनं सांगितलं म्हणं. ती तुझ्याच वर्गात हाय ना गं?" मी हो म्हटलं. मग तिनं फोन ठेवला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला माहीत नाही. ते खोटं होतं. मला जानेवारीपासून माहीत होतं.

आमच्या वर्गात प्रत्येकाला एका माणसाचा अभ्यास लिहावा लागतो. त्याचं लहानपण, त्याचं घर, त्याला काय होतं, कधीपासून होतं. मग तो वर्गासमोर वाचायचा. त्यावर गुण असतात. मी तुझा लिहिला.

नाव घातलं नव्हतं. गावं बदलली होती. तुझं वय दोन वर्षांनी वाढवलं होतं. सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "ओळख पटेल असं काहीही ठेवायचं नाही." मला वाटलं, ओळख म्हणजे नाव.

पहिल्या पानावर घरची माहिती लिहायची असते. तिथं मी लिहिलं की या घराच्या मेंढरांना डाव्या कानाची खूण असते. कान मधोमध चिरलेला आणि टोकाचा एक तुकडा काढलेला. हे लिहायची काही गरज नव्हती. पण मेंढरांचं काही सांगितलं की वर्ग ऐकतो. इतर वेळी मी बोलायला लागले की मुली वह्या चाळतात. मी खडू घेऊन फळ्यावर कान काढला. चीर कशी देतात, जखमेवर हळद कशी भरतात, ते सांगितलं. सर म्हणाले, छान.

सांडू पाटलाची राजनंदिनी दुसऱ्या बाकावर बसते. दर माघात आपली मेंढरं त्यांच्या वावरात खतासाठी बसतात, हे मी विसरले नव्हते. पण मी आश्रमशाळेत असायचे, त्या दिवसांत तळावर कधी नसायचे. ती मला तिथं ओळखत नव्हती, म्हणून मला वाटलं की ती कुणालाच ओळखत नाही. कान मात्र ती लहानपणापासून पाहत आली आहे.

ती मोठ्यानं म्हणाली, "अय्या, ही तर आमच्या वावरात बसतात ती मेंढरं!"

वर्ग हसला. वाईट हसणं नव्हतं. मग मी पुढची पानं वाचली. चिकलठाण्याजवळ जालना रोडवरचा तो ट्रक. मेलेली मेंढरं. त्यानंतर हॉर्न ऐकला की तुला काय होतं ते. तू मला जे सांगितलंस ते. ते मी त्याच शब्दांत लिहिलं होतं, कारण सर म्हणतात, माणसाचे स्वतःचे शब्द ठेवावेत.

राजनंदिनीनं घरी सांगितलं, घरून गावात गेलं. तिनं सांगायला नको होतं.

योगिनी


गारखेडा, ६ एप्रिल २०२५

दादा,

या महिन्याच्या गुरुवारीही तू आला नाहीस. आई म्हणते, तू आता डांबरी रस्ता सोडून कळप डोंगराच्या कडेनं नेतोस. तिथं चरायला काही नाही. आबांचे गुडघे त्या वाटेला चालत नाहीत. ती म्हणाली, "गोकुळकडचं पाकीट त्यानं घेतलंय. फोडलंय का नाय ते मला नाय माहीत."

फोडलं असशील असं धरून लिहिते.

मागच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात मी दोष राजनंदिनीवर ढकलला. ते राहू दे. आज एवढंच सांगायचं आहे.

माणसाचा अभ्यास करायचा तर आधी त्याची सही घ्यावी लागते. त्याला संमतीपत्र म्हणतात. माझ्या फाइलीत ते आहे. त्यावर तुझी सही आहे, रेषेखाली घसरलेली.

डिसेंबरचा पहिला गुरुवार आठव. तू कानात कापूस घालून आतल्या रस्त्यानं चालत आला होतास. आपण बाकावर बसलो होतो. मी पिशवीतून कागद काढला आणि म्हटलं, हॉस्टेलचा फॉर्म आहे, घरच्या माणसाची सही लागते.

तू म्हणालास, "आबाचा आंगठा चालंना का?"

मी म्हटलं, नाही, सहीच लागते.

"व्हय, तू म्हणती म्हंजी लागत आसंल."

तू पटक्याची घडी करून गुडघ्यावर ठेवलीस, तिच्यावर कागद ठेवलास. पेन हातात धरून हसलास. "तुमच्या कालिजाला माझी सही लागती म्हंजी मी बी शिकलोच की गं." मग तू विचारलंस, वर काय लिहिलंय. मी म्हटलं, नियम आहेत, नेहमीचे.

वर असं लिहिलं होतं: मला या अभ्यासाचा हेतू समजावून सांगितला आहे. माझ्याबद्दलची माहिती कशासाठी वापरली जाणार हे मला कळले आहे. मी स्वखुशीने संमती देत आहे.

तू चौथीपर्यंत शिकलास. तुला वाचता येतं. तू वाचलं असतंस. म्हणून माझा तळहात त्या ओळींवर होता. कागद हलू नये म्हणून धरल्यासारखा.

मला दुसरं माणूस मिळालं नसतं असं नाही. मेसच्या वच्छलाबाई तयार होत्या. त्यांना सहा वर्षांपासून झोप लागत नाही. त्या म्हणाल्या, "लिही की गं, नावासकट लिही, मला कुठं लग्न करायचंय." त्यांचा अभ्यास साधा झाला असता. साधेच गुण मिळाले असते.

तुझ्या अभ्यासाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. हे मी तुला कुठल्याच पत्रात सांगितलं नव्हतं.

योगिनी


गारखेडा, २० एप्रिल २०२५

दादा,

राजनंदिनी काल खोलीवर आली होती. तिला कुणीतरी सांगितलं की तू माझा भाऊ आहेस. सख्खा. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"खरंय का?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग त्या दिवशी कँटीनमध्ये मी तुला विचारलं तर काय म्हणालीस तू मला?"

मी काय म्हणाले होते ते मला पाठ आहे. वर्ग सुटल्यावर ती माझ्याजवळ आली होती, चहाचा कप घेऊन. तिनं विचारलं होतं, तो हनुमान का गं, तुमच्या मल्हारआबांच्या कळपाबरोबर असतो तो? लहानपणी मला खांद्यावर बसवून विहिरीपर्यंत न्यायचा. तुझा कोण तो? टेबलाभोवती अजून चौघी होत्या. त्यांच्यासमोर मी तासाभरापूर्वी वाचलं होतं की या माणसाला हॉर्न ऐकला की कपड्यांत लघवी होते.

मी म्हणाले, "कुणी नाही. आमच्याकडं राखणीला ठेवलेला माणूस आहे."

दारात उभी राहून राजनंदिनी रडायला लागली. म्हणाली, "अगं, गडी म्हणालीस म्हणून मी घरी जेवताना बोलून गेले. असंच, हसण्यावारी. तुझा भाऊ आहे म्हणाली असतीस तर मेले असते पण तोंड उघडलं नसतं. बापाला आता तुमच्या आबांना तोंड दाखवायला जागा नाही. हॉर्न वाजवणाऱ्या पोरांना माझ्या बापानं काठीनं मारलं, ठाऊक आहे का तुला? नाही ना? तुला काय ठाऊक असणार. तू इथं बसून माणसांची मनं शिकतीयेस."

मग ती गेली. कपाटातून मी तुझ्या गोळ्या काढल्या. दोन महिन्यांच्या झाल्या आहेत. परत ठेवल्या.

दादा, एकच वाक्य होतं ते. त्याच्याआधीचं सगळं मी चुकून केलं असं मला स्वतःला पटवता येत होतं. कान चुकून काढला. तुझे शब्द अभ्यासासाठी ठेवले. सही घाईत घेतली. हे वाक्य मी चुकून बोलले नाही. माझा भाऊ असा आहे हे त्या चौघींना कळू नये, म्हणून बोलले. मी त्याच माणसाच्या जिवावर वर्गात पहिली आले होते.

तूही दहावीपर्यंत शिकला असतास. मला शाळेत ठेवायचं तर कळपामागं कुणीतरी पाहिजे होतं, म्हणून तुला चौथीतून काढलं. आबांनी ठरवलं ते. तू कधी बोलून दाखवलं नाहीस. राखणीला ठेवलेला हा शब्द मला पटकन सुचला, तो कदाचित त्यामुळंच.

हे पत्र तू फाडलंस तरी चालेल. चुलीत घाल. पण कुणाला वाचू देऊ नकोस. माझ्यासाठी म्हणत नाही.

योगिनी


गारखेडा, ११ मे २०२५

दादा,

मी सरांना सांगितलं. सही कशी घेतली ते, तळहात कुठं होता ते, कँटीनमधलंही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे तू मला का सांगतेस? मला फसवलंस ते लहान आहे. ज्याला फसवलंस त्याला सांगितलंस का?" मी म्हटलं, पत्रांत लिहिलं आहे, उत्तर नाही. ते म्हणाले, "उत्तर द्यायला तो बांधलेला नाही."

मग त्यांनी नियम सांगितला. खोटी संमती म्हणजे संमती नाही. आता खरी घ्यायची. काय लिहिलं आहे ते सगळं त्या माणसाला दाखवायचं, सही कशासाठी आहे ते सांगायचं. तो हो म्हणाला तर फाइल राहील, गुण राहतील. नाही म्हणाला तर फाइल फाडायची आणि माझे ते गुण शून्य.

म्हणून या पाकिटात तीन वस्तू आहेत.

पहिली फाइल. चौतीस पानं. छापील आहे, पण मी बाजूला अवघड शब्दांचे सोपे अर्थ लिहिले आहेत. पहिल्या पानावर कान आहे. सोळाव्या पानावर तुझे शब्द आहेत. तिथं पोचलास की तुला राग येईल. येऊ दे. पुढं वाच.

दुसरा कागद. त्यावर मोठ्या अक्षरात दोन ओळी आहेत. पहिली: हा अभ्यास ठेवायला माझी परवानगी आहे. दुसरी: हा अभ्यास ठेवायला माझी परवानगी नाही. जी ओळ नको ती खोडायची आणि खाली सही करायची.

तिसरं पाकीट. तिकीट लावलेलं, पत्ता सरांचा. माझा नाही. गोकुळला दे, तो पोस्टात टाकेल. तू काय लिहिलंस ते मला कळायच्या आधी सरांना कळेल. ते मीच मागून घेतलं.

आता यात माझं काय आहे तेही सांगायला पाहिजे, नाहीतर हा कागदही पहिल्यासारखाच होईल. तू नाही म्हणालास तर मला चिकित्सेची जागा मिळणार नाही. त्या वीस नावांत मी नसेन. दुसऱ्या दोन वाटा राहतील. मला ती जागा पाहिजे आहे. आजही पाहिजे आहे. हे पत्र मी आधी एकदा लिहिलं होतं, त्यात हा कागद होता पण "नाही म्हणता येतं" हे वाक्य नव्हतं. फक्त सही कर असं होतं. ते मी फाडलं. ते मी लिहिलं होतं, हे तुला माहीत असावं.

तर सरळ लिहिते. तुला नाही म्हणता येतं. नाही म्हणालास तर मी तुला त्याबद्दल कधी विचारणार नाही.

वाचल्याशिवाय सही करू नकोस. मी सांगते म्हणूनही करू नकोस.

योगिनी


गारखेडा, २६ जून २०२५

दादा,

यादी लागली. विभागाच्या दाराशेजारी चिकटवली होती. मी वीस नावं वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली. राजनंदिनीचं नाव अठरावं आहे. माझं नाही.

पहिल्यांदा मला राग आला. तुझा. तो किती वेळ होता ते मोजलं नाही, पण होता. जिना उतरेपर्यंत तरी होता.

नंतर सरांनी बोलावलं. तुझं पाकीट त्यांच्याकडं पाच जूनला आलं होतं. यादी लागेपर्यंत त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांनी आधी त्यातली फाइल माझ्यासमोर ठेवली. पानांना मेंढरांचा वास होता. पुष्कळ पानांचे कोपरे मळलेले होते, म्हणजे तू शेवटपर्यंत गेलास. सोळाव्या पानावर काही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, तिथं काहीतरी असेल.

खूण एकाच ठिकाणी होती, अकराव्या पानावर. तिथं मी लिहिलं होतं की कळप रस्त्यावर आलेला असताना अपघात झाला. पोलिसांच्या कागदात तसं होतं, मी उतरवून घेतलं. तुला विचारलं नव्हतं. तू ते पेन्सिलीनं खोडलं आहेस आणि वर लिहिलं आहेस: मेंढरं रस्त्याच्या खाली होती. ट्रक खाली आला.

दोन वर्षं मी तुझ्या भीतीबद्दल वाचते आहे, लिहिते आहे. तुझी चूक नव्हती, हे मला तू खोडलेल्या ओळीवरून कळलं.

सरांनी विचारलं, हे पान ठेवायचं आहे का. मी नाही म्हटलं. परवानगी नाही. आम्ही सगळी चौतीस पानं तिथंच फाडली. अर्धी मी फाडली.

मी समुपदेशनाचा अर्ज भरला. तिथं पहिलं सत्र फक्त ऐकण्याचं असतं. व्यक्तिअभ्यास पुन्हा करावा लागेल. वच्छलाबाईंना विचारलं. कागद त्यांच्या हातात दिला आणि दूर उभी राहिले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाल्या, "एवढं काय गं लांब उभी राहतीस, मी काय तुला खाती का?"

तीन जुलैला पहिला गुरुवार आहे. मी बाकावर असेन. गोळ्या पिशवीत असतील, कापूसही. आतल्या रस्त्यावर आता नवी घरं झाली आहेत, गाड्या वाढल्या आहेत, म्हणून मी सकाळी चिकलठाण्याच्या पुलापर्यंत येऊन उभी राहीन. माझ्याशी बोलायला पाहिजे असं नाही. तू पुढं चाल, मी मागं चालेन. कुणी विचारलं तर सांगेन, माझा भाऊ आहे. नाही आलास तर ऑगस्टचा गुरुवार आहे.

शेवटी सरांनी तो कागद दाखवला. तू पहिली ओळ खोडली होतीस. एकदाच, सरळ. खाली सही होती, पूर्ण नावाची. या वेळी रेषेत बसली होती. आणि सहीच्या खाली, जिथं काहीच लिहायचं नव्हतं तिथं, तू एक ओळ लिहिली होतीस.

मी वाचून सही केली.

सर म्हणाले, या ओळीची काही गरज नव्हती.

मी म्हटलं, होती.

योगिनी